मानमोडीची साथ: वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरे

उन्हाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या टपालात गाई-म्हशींपेक्षा कोंबड्यांची पत्रे अधिक असतात. या वेळी त्यांतली चार निवडली आहेत. पहिल्या दोन पत्रांना सविस्तर उत्तर दिले आहे, कारण परसातल्या कोंबड्यांचे जे नुकसान दरवर्षी होते त्याची बहुतेक कारणे त्या दोन पत्रांतच सापडतात; उरलेल्या दोघांची उत्तरे थोडक्यात आहेत.

प्रश्न: आमच्याकडे बावीस गावठी कोंबड्या आणि बचत गटातून मिळालेली गिरिराजची काही पिल्ले होती. जत्रेसाठी आठवडे बाजारातून एक कोंबडा आणला आणि तो इतरांबरोबरच खुराड्यात कोंडला. आठवडाभरात कोंबड्या पंख पाडून बसू लागल्या, हिरवट-पांढरी हगवण लागली, चोच उघडी ठेवून धापा टाकू लागल्या. आता दोघींची मान पाठीकडे पिळली जाते. नऊ मेल्या. दुकानदाराने पाण्यात मिसळायची पावडर दिली आहे, सासूबाई लसूण-हळद चारतात, आणि शेजारचे म्हणतात की उरलेल्या मरण्याआधी बाजारात काढा. एक कोंबडी अंड्यांवर बसलेली आहे. काय करावे?
(एक वाचक भगिनी, ता. अकोले, जि. अहिल्यानगर)

उत्तर: ताई, आपण लिहिलेली लक्षणे मानमोडीची, म्हणजेच राणीखेत रोगाची आहेत, असे मानायला पुष्कळ आधार आहे. या रोगाचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणपणे पाच-सहा दिवस जातात. कधी दोनच दिवस, तर कधी पंधरवडाही लागतो. बाजारातला कोंबडा आल्यानंतरचा आठवडा या हिशेबात चपखल बसतो. तो कोंबडा आणताना तुकतुकीत दिसला असेल, पण बाजारात दहा गावच्या कोंबड्या एकाच डालग्यात, एकाच पाण्यावर असतात, त्यामुळे वरून धडधाकट दिसणारा पक्षीही रोग घेऊन घरी येतो. लस न दिलेल्या कळपात ही साथ शिरली तर शंभरातले नव्वद पक्षीसुद्धा जाऊ शकतात. मान पिळणे किंवा पाय-पंख लुळे पडणे हे लक्षण बहुधा उशिरा दिसते, विषाणू मज्जासंस्थेपर्यंत पोहोचल्यावर. म्हणजे ते दिसेपर्यंत आपल्या अंगणातली माती, पाण्याचे भांडे, खुराड्याची जमीन आणि आपल्या वहाणांचे तळवे या सर्वांवर विषाणू आधीच पसरलेला असतो.

असे असले तरी नुसत्या पत्रावरून किंवा मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून मी निदान पक्के करणार नाही, आणि आपणही करू नये. बर्ड फ्लूमध्येही हगवण, धाप, मान वळणे आणि एकाएकी मोठी मर ही सर्व लक्षणे दिसू शकतात. त्यात डोके व गलोल (चोचीखाली लोंबणारी कातडी) सुजणे, तुरा निळा-जांभळा पडणे, पायाच्या खवल्यांखाली रक्ताचे डाग दिसणे ही लक्षणे अधिक ठळक असतात, पण डोळ्यांनी केलेला हा भेद भरवशाचा नाही. खरे उत्तर प्रयोगशाळाच देते. भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यातल्या नवापूरला झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यातही तो निघाला, तेव्हा हा आजार दूरदेशीचा आहे असे समजण्याचे कारण नाही. म्हणून पहिले काम हे की, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आजच कळवावे. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार असा संशय आल्यावर कळवणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्यच आहे. पशुधन विकास अधिकारी ताज्या मेलेल्या पक्ष्याचे नमुने बर्फात ठेवून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवतात आणि बर्ड फ्लूचा संशय असेल तर पुढची तपासणी भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. मेलेली कोंबडी घरी चिरून ‘आत काय झाले आहे’ ते पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

कळवले तर सरकारी माणसे येऊन सगळ्याच कोंबड्या मारतील, या भीतीने अनेक जण गप्प राहतात. ती भीती मला समजते, पण हिशेब उलटा आहे. सर्व पक्षी नष्ट करण्याची कारवाई बर्ड फ्लू प्रयोगशाळेत सिद्ध झाल्यावरच होते, मानमोडीसाठी होत नाही. आणि तेव्हा शासनाच्या आदेशाने नष्ट केलेल्या पक्ष्यांना भरपाई मिळते, आपसूक मेलेल्यांना मिळत नाही. लपवून ठेवल्याने पदरात काहीच पडत नाही.

औषधांविषयी स्पष्टच लिहितो. मानमोडीवर उपचार नाही. दुकानदाराने दिलेली पावडर बहुधा प्रतिजैविकाची असेल. ती जिवाणूंवर चालते, विषाणूवर नाही. वाचण्याच्या मार्गावर असलेल्या पक्ष्याला मागाहून होणारा जिवाणूंचा संसर्ग तिने कदाचित रोखला जाईल, पण तेवढ्यासाठीही ती पशुवैद्यकाला विचारूनच द्यावी. सासूबाईंच्या लसूण-हळदीने अपाय नाही आणि या रोगात उपायही नाही. त्यांना थांबवायचे ते वेगळ्या कारणासाठी. आजारी कोंबडीला हातात धरून चारा भरवायचा आणि त्याच हाताने निरोगी पिल्लांना कण्या टाकायच्या, यात रोग हातोहात पोहोचतो. आजारी पक्ष्यांकडे सर्वांत शेवटी जावे, नंतर साबणाने हात-पाय धुवावेत, आणि तिकडे जाण्यासाठी जुन्या वहाणा व जुने लुगडे वेगळे ठेवावे.

शेजाऱ्यांचा सल्ला मात्र कोणत्याही परिस्थितीत मानू नये. आपल्या घरी रोग आला तो कोणीतरी असाच विचार करून बाजारात कोंबडा काढला म्हणून. आपण उरलेल्या विकल्या तर आणखी चार वाड्यांत मर लागेल, आणि त्यांतलीच एखादी कोंबडी फिरून आपल्या शेजारी येईल. विकू नयेत, पाहुण्यांना भेट देऊ नयेत, माहेरी धाडू नयेत. मरणाला टेकलेली कोंबडी कापून खाण्याची रीतही या काळात सोडावी. विषाणू उष्णतेने मरतो, त्यामुळे नीट शिजलेल्या मांसाची भीती नाही. धोका आहे तो कापण्या-सोलण्यात. रक्त, पिसे आणि आतडी अंगणभर होतात, कुत्री-कावळे ती पळवतात, आणि रोग बर्ड फ्लूचा असेल तर कापणारा माणूसही धोक्यात येतो. मानमोडीने माणसाचे फार तर डोळे येतात आणि ते थोड्या दिवसांत बरे होतात.

उरलेल्या पक्ष्यांचे तीन भाग करावेत: ज्यांना काहीच झालेले नाही, ज्या सुस्त आहेत, आणि ज्यांची मान वळली आहे किंवा ज्या उभ्या राहू शकत नाहीत. पहिल्या भागाला घराच्या दुसऱ्या बाजूला, जुन्या खुराड्यापासून शक्य तितके दूर, कोंडून ठेवावे आणि दाणापाणी तिथेच द्यावे. मोकळे सोडू नये. शेवटच्या भागातल्या कोंबड्या क्वचित जगतात, पण जगल्या तरी मान वाकडीच राहते, दाणा टिपता येत नाही, आणि त्या पुढे काही आठवडे विष्ठेतून विषाणू टाकत राहू शकतात. अशा पक्ष्यांचे हाल लांबवू नयेत, असे माझे मत आहे. दवाखान्यातले डॉक्टर त्यासाठी मदत करतील.

मेलेल्या कोंबड्या ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. विहीर, बोअर आणि ओढा यांपासून दूर, किमान तीन फूट खोल खड्डा घ्यावा, तळाशी चुना पसरावा, पक्षी टाकून वर पुन्हा चुना आणि मग माती दाबून भरावी, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर काटेरी फांद्या किंवा दगड रचावेत. खुराड्यातला भुसा, पिसे, विष्ठा आणि उष्टा दाणाही त्याच खड्ड्यात जाऊ द्यावा.

खुडूक कोंबडीविषयी. साथ सुरू झाल्यानंतर घातलेली अंडी उबवायला ठेवू नयेत; टरफलाला विष्ठा लागलेली असते आणि पिल्लू बाहेर येताच त्याला संसर्ग होऊ शकतो. साथीआधीची अंडी असली तरी ती कोंबडी त्याच परसात बसलेली आहे, त्यामुळे या खेपेला तिला उठवावे आणि अंडी खड्ड्यात पुरावीत. या उत्तरातले हेच वाक्य आपल्याला सर्वांत जड जाईल याची मला कल्पना आहे.

प्रश्न: शेजारच्या वाडीत मर लागल्याचे कळताच मी तालुक्याहून मानमोडीवरची आर२बी लस आणून चौदा कोंबड्यांना स्वतः टोचली. तिसऱ्या दिवसापासून त्या मरू लागल्या. आता सगळे म्हणतात की लशीनेच मेल्या, पुढे कोणी टोचून घेणार नाही. शिवाय कुपी शंभर मात्रांची होती, उरलेली लस फेकून दिली. लहान पाळणाऱ्याला लस परवडावी कशी?
(एक वाचक, ता. दापोली, जि. रत्नागिरी)

उत्तर: आपल्या कोंबड्या लशीने मेल्या असे म्हणता येत नाही, पण लस चुकीच्या वेळी दिली गेली हे खरे आहे. लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. शेजारच्या वाडीत मर लागली तेव्हा आपल्या कळपातल्या काही पक्ष्यांत विषाणू बहुधा शिरलेला होता. तिसऱ्या दिवशी मेलेल्या कोंबड्या टोचल्या नसत्या तरी मेल्या असत्या. दुसरी शक्यता सुईची आहे. एकाच सुईने एकापाठोपाठ एक कोंबड्या टोचल्या असतील आणि त्यांतली एक जरी रोग घेऊन असली, तरी पुढच्या सगळ्यांना तो सुईबरोबर मिळतो. तिसरी शक्यता वयाची. आर२बी ही जिवंत विषाणूची, मध्यम तीव्रतेची लस आहे, उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत विसाव्या शतकाच्या मध्याला तयार झालेली आणि आजही मोठ्या पक्ष्यांत अतिशय उपयोगी. मात्र आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना, जंतांनी पोखरलेल्या किंवा अशक्त पक्ष्यांना ती सोसत नाही. त्यांचे पाय लुळे पडू शकतात. आपण पक्ष्यांची वये लिहिलेली नाहीत, म्हणून ही शक्यताही नोंदवून ठेवतो.

साथ उंबरठ्यावर आल्यावर काय करावे, हा प्रश्न तरीही उरतो. ज्या घरात एकही पक्षी सुस्त नाही आणि जे घर मर लागलेल्या घरापासून दूर आहे, तिथे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने लासोटा लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत देता येतो. त्यात सुई नाही आणि लसही सौम्य आहे. ज्या घरात आजार दिसू लागला आहे तिथे टोचाटोची करू नये.

खरे लसीकरण साथीआधीचे. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना लासोटा किंवा तशाच सौम्य एफ-१ लशीचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात लासोटाची पुन्हा एक मात्रा, आणि आठ आठवडे पूर्ण झाल्यावर आर२बी चे अर्धा मिलिलिटर इंजेक्शन पंखाखालच्या कातडीत. त्यानंतर मोठ्या पक्ष्यांना दर सहा महिन्यांनी लस द्यावी. गावाकडे मर बहुधा उन्हाळ्यात, लग्नसराई आणि जत्रांच्या दिवसांत लागते, कारण त्याच काळात कोंबड्यांची ने-आण सर्वाधिक होते आणि उन्हाने त्या आधीच हैराण असतात. त्यामुळे एक फेरी जानेवारीअखेर आणि दुसरी पावसाळा सरल्यावर, असा बेत मला सोयीचा वाटतो.

आता कुपीचा प्रश्न, जो मला आपल्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लशी शंभर, दोनशे किंवा त्याहून अधिक मात्रांच्या कुप्यांत येतात आणि कुपी फोडून द्रावकात मिसळल्यावर ती दोन तासांच्या आत संपवावी लागते. चौदा कोंबड्यांच्या घराला ती कधीच परवडणार नाही आणि परवडावी अशी अपेक्षाही चुकीची आहे. लशीचे एकक हे घर नसून वाडी आहे. एका वाडीत दहा घरे आणि प्रत्येकी दहा-बारा कोंबड्या धरल्या की शंभराची कुपी एका संध्याकाळी संपते आणि खर्च घरटी किरकोळ येतो. शिवाय एकट्या आपल्या कोंबड्यांना लस देऊन रोग थांबत नाही, कारण परसातल्या कोंबड्यांना कुंपण माहीत नसते. त्या शेजारच्या उकिरड्यावर चरतात आणि शेजारच्या आपल्याकडे. बचत गट किंवा ग्रामपंचायतीमार्फत दवाखान्याकडे एकत्र मागणी नोंदवावी. पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाची जैवपदार्थ निर्मिती संस्था आहे, तिथे तयार होणाऱ्या लशी दवाखान्यांमार्फत मिळतात. मागणी आधी गेली तर कुपी वेळेवर येते.

एक गोष्ट वाडीने ठरवून करावी. खुडूक कोंबड्या सर्व घरांत साधारण एकाच आठवड्यात अंड्यांवर बसवाव्यात. म्हणजे पिल्ले एकाच सुमारास निघतात, त्यांचा पहिला थेंब एकाच दिवशी देता येतो आणि एका कुपीत सगळ्यांचे भागते. नाहीतर वाडीत सदा कोणाची तरी दोन पिल्ले पाच दिवसांची असतात आणि त्यांच्यासाठी कुपी फोडायला कोणी तयार होत नाही. आजवर जिथे लसीकरणाची गाडी रुतलेली पाहिली, तिथे अडचण पैशांपेक्षा या तारखांची अधिक होती.

देण्याची वेळ दिवेलागणीनंतरची किंवा पहाटेची, कोंबड्या खुराड्यात असतानाची ठेवावी. दिवसा मोकळ्या गावठी कोंबडीमागे धावणाऱ्याची दमछाक होते, कोंबडी बिथरते आणि लस उन्हात तापते. झाडावर बसणाऱ्या कोंबड्यांना आधी दोन-तीन दिवस संध्याकाळी दाणे टाकून खुराड्याची सवय लावावी. लस बर्फाच्या थर्मासमधून, २ ते ८ अंश तापमानात आणावी. खिशात किंवा मोटारसायकलच्या डिकीत टाकून आणलेली लस म्हणजे नुसते पाणी. पाण्यातून लस देण्याची पद्धत परसात मी सुचवत नाही. बंदिस्त फार्मवर दोन तास पाणी तोडून, लिटरला पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून ती नीट देता येते. परसातली कोंबडी तोवर मोरीच्या पाण्यावर किंवा गुरांच्या डोणीवर तहान भागवून मोकळी होते. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवंत लस मरते, ही आणखी एक अडचण. थेंबच बरा: कोंबडी आडवी धरून डोळ्यात एक थेंब टाकावा आणि तो आत जिरेपर्यंत, तिने पापणी मिटेपर्यंत, सोडू नये. इंजेक्शन द्यायचे असेल तर सुया भरपूर घ्याव्यात, निदान प्रत्येक घरी नवी सुई वापरावी. लशीआधी आठ-दहा दिवस जंताचे औषध दिलेले असावे.

उरलेली लस आपण फेकून दिलीत, तसे यापुढे करू नये. तीत जिवंत विषाणू असतो. कुपी उकळत्या पाण्यात टाकून मग पुरावी. लस देताना थेंब आपल्या डोळ्यात उडाला तर डोळा लगेच स्वच्छ पाण्याने धुवावा.

वाडीचा विश्वास परत कसा मिळवायचा, याला माझ्याकडे औषध नाही. साथ संपून दोन महिने झाल्यावर, कोणाकडेही आजारी पक्षी नसताना, आपल्या नव्या पिल्लांना सर्वांसमोर लस द्या. त्या पिल्लांनी पुढचा उन्हाळा काढला तर शेजारी आपणहून विचारायला येतील.

प्रश्न: मानमोडीने खुराडे रिकामे झाले. नवी पिल्ले कधी आणावीत आणि खुराडे कसे स्वच्छ करावे?
(एक वाचक, ता. मोहोळ, जि. सोलापूर)

उत्तर: शेवटचा पक्षी मेल्यानंतर स्वच्छता पूर्ण करून निदान महिनाभर खुराडे रिकामे ठेवावे. क्रम महत्त्वाचा आहे. विष्ठेच्या थराखाली विषाणू कित्येक आठवडे टिकतो आणि विष्ठेवर ओतलेले जंतुनाशक तिथेच वाया जाते. म्हणून आधी कोरडे खरवडावे, मग धुण्याचा सोडा घातलेल्या कढत पाण्याने घासावे, वाळू द्यावे आणि त्यानंतर चुन्याचा हात फिरवावा. जमीन मातीची असेल तर वरची दोन-तीन बोटे माती काढून पुरावी आणि चुना पसरावा. बांबूची जुनी डालगी जाळून टाकावीत, कारण त्यांच्या विणीत अडकलेली घाण निघत नाही. छप्पर उघडता येत असेल तर सोलापूरच्या उन्हाचा फायदा घ्यावा. विषाणूला ते सोसत नाही.

पहिल्या खेपेला थोडीच पिल्ले आणावीत, आणि ती बाजारातून नव्हे तर लसीकरण झालेल्या उबवणी केंद्रातून. नंतर केव्हाही मोठा पक्षी विकत आणला तर तो तीन आठवडे वेगळा ठेवावा आणि त्याला वेगळे भांडे द्यावे. जत्रेचा कोंबडा असेल तर तो जत्रेपर्यंत वेगळाच राहू द्या, कळपात सोडूच नका.

प्रश्न: कोंबड्यांच्या तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती काळपट फोड आले आहेत. ही मानमोडीची सुरुवात आहे का?
(एक वाचक भगिनी, ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग)

उत्तर: नाही, ही कोंबड्यांची देवी दिसते. तीही विषाणूचीच, पण मानमोडीपेक्षा पुष्कळ सौम्य असते आणि डासांच्या चावण्यातून पसरते, त्यामुळे कोकणात पावसाळ्यात व त्यानंतर अधिक आढळते. खपल्या ओढून काढू नयेत. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने पुसून वर आयोडीन लावावे. डोळे चिकटून बंद झाले तर कोंबडी उपाशी मरते, म्हणून ते कोमट पाण्याने उघडून हाताने दाणापाणी द्यावे. तोंड उघडून घशात पाहावे. आत पिवळट पापुद्रे दिसले तर श्वास कोंडण्याचा धोका असतो आणि तो पक्षी लगेच दवाखान्यात न्यावा. बाकीच्या तीन-चार आठवड्यांत खपल्या गळून बऱ्या होतात. देवीची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पंखाच्या पातळ पडद्यात टोचतात. खुराड्याजवळचे साचलेले पाणी काढावे आणि संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करावा, पण खुराड्याच्या आत कोंडून नव्हे. धापा टाकणारी कोंबडी धुराने अधिकच घाबरी होते.